कापणाऱ्याचा बाठा

आंब्याच्या ढिगासमोर उभं राहिलं की मराठी माणसाचा अंगठा शिवशिवायला लागतो. आंबा दाबून बघायचा! दाबून कळतं एवढंच, की आपल्याआधी सात जणांनी तो दाबलेला आहे. अंगठ्याचा ठसा त्या दिवशी दिसत नाही. दोन दिवसांनी तिथे काळसर, पाणचट डाग उमटतो, आणि तोवर आंबा आपल्या घरी आलेला असतो.

दाबायचं नाही, तर हुंगायचं. नाक देठाशी न्यायचं, टोकाशी नाही. साल अंगभर एकसारखी पिवळीधमक आणि देठाशी वासाचा पत्ता नाही, तर नमस्कार करून पुढच्या गाडीवर जावं. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, इथिलीन वायूला परवानगी आहे. पण घाईत रंगवलेला आंबा कुठल्याही पावडरीचा असो, आतून कैरीच निघतो. मग खांदे बघायचे. तयार फळाचे खांदे देठाच्या वर उचलून येतात आणि देठ खळीत बसतो. खांदे पडलेले असतील तर आंबा कोवळाच उतरवलाय. तो पिकत नाही, नुसता म्हातारा होतो. सुरकुत्यांवरून मात्र आंबेवाल्याशी वाद घालू नये. चांगल्या पिकलेल्या हापूसला थोडी सुरकुती पडतेच.

कच्च्या पेटीची खात्री हवी असेल तर आंबे बादलीत सोडावेत. बुडाला तो तयार, तरंगला तो लोणच्याला. हा प्रयोग घरीच करावा. भर बाजारात आंबेवाल्याकडे बादली मागण्याचं धैर्य माझ्यात नाही.

‘देवगडच ना?’ हा प्रश्नही विचारू नये. त्याला ‘नाही’ असं उत्तर असतं, हे मला मान्य नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेटीवर काय छापायचं हे छापखान्यावर असतं. कोकणातल्या हापूसची साल पातळ आणि गर केशरी. कर्नाटकातल्याची साल जाड, गर पिवळा. म्हणजे कळतं ते कापल्यावर, पैसे देऊन झाल्यावर.

पेटी आली की अढी लावायची. पेंढा नसेल तर वर्तमानपत्र चालतं, अग्रलेखाचं पान तर झकास. कच्चा आंबा फ्रिजमध्ये घालू नये. १३ अंशांच्या खाली तो गारठतो, साल करडी पडते, आणि मग बाहेर काढून कितीही मनधरणी केली तरी पिकायचं नाव घेत नाही. अढी रोज चाळायची आणि देठाशी काळा पडलेला आंबा उचलायचा. कुजका आंबा एकटा कुजत नाही, शेजाऱ्याला घेऊन जातो.

खायच्या आधी तासभर पाण्यात. ‘उष्णता निघते’ हे आजीचं कारण. देठाशी वाळलेला चीक सुटतो, हे माझं. तो ओठांना लागला की तोंड उततं आणि चार दिवस आंबा लांबूनच बघावा लागतो.

आता सुरी. कोय चपटी असते आणि आंब्याच्या रुंद बाजूंना समांतर बसलेली असते. आंबा देठावर उभा धरायचा, अरुंद कड आपल्याकडे. मध्यापासून एक सेंटिमीटर सोडून सुरी वरून खाली आणायची. मी दीड सोडतो, त्याचं कारण पुढे येईल. पातं करकरलं की समजावं, कोय आली. तिथे जोर लावायचा नाही, पातं किंचित बाहेर झुकवायचं. जोर लावणाऱ्याच्या हातातून आंबा साबणासारखा निसटतो आणि सुरी अंगठ्यावर येते. तोच तो, बाजारात शिवशिवणारा.

पहिली फोड निघताना घरातले सगळे वाकून बघत असतात. आत केशरी निघालं तर कोणी काही बोलत नाही, हात पुढे येतात. पण कोयीलगत पांढुरका, स्पंजासारखा, आंबट गर निघाला की सगळ्यांच्या माना कापणाऱ्याकडे वळतात, जणू तो त्यानेच आत भरलाय. हा साका. खांदे, वास, रंग, सुरकुती, सगळ्या परीक्षांत पहिल्या नंबराने पास झालेल्या आंब्यातही तो निघतो, कारण बाहेर त्याची एकही खूण नसते. झाडावरच फळाच्या पोटात कोयीला रुजायची घाई होते, तापलेल्या जमिनीची धग वर येते, आणि गर बिघडतो. म्हणून जाणते बागायतदार सोळा आणे तयार व्हायची वाट बघत नाहीत, चौदा आण्यांवर आंबा उतरवतात. आपण फार तर तेवढा भाग खरवडून उरलेला मिल्कशेकमध्ये ढकलावा. साखर आणि दूध मिळून बरंच काही झाकतात.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याच्यावर कधीच उपाय काढलाय. नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ आला, त्यात साका नाही. मग १९९२ मध्ये ‘सिंधू’, त्याची कोय इतकी पातळ की जवळजवळ सगळा गरच. कापणाऱ्याने खरं तर दापोलीकडे तोंड करून हात जोडायला हवेत. पण मला सिंधूबद्दल एक तक्रार आहे.

फोडी ताटलीत जातात, ताटली बाहेरच्या खोलीत जाते आणि रिकामी परत येते. कापणाऱ्याला उरतो बाठा. तो बेसिनपाशी उभं राहून, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत, दोन्ही हातांनी धरून चोखायचा असतो. त्या वेळी कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. माझं दीड सेंटिमीटर यासाठी. आणि सिंधूला तर चोखण्याजोगा बाठाच नाही!