नदीचंच नाव बदललं राव

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या युद्धपटावरच्या लेखात त्यातल्या शिट्टीवर वाजणाऱ्या मार्चच्या धूनबद्दल आणि ७ ऑस्करबद्दल भरभरून लिहिलंय, पण या पिक्चरचा सगळ्यात भारी किस्सा राहिलाच की! १९५७ ला पिक्चर आला आणि लोक थायलंडला कांचनाबुरीत जाऊन क्वाय नदीवरचा पूल कुठंय विचारायला लागले, आता खरा पूल होता मे क्लाँग नदीवर, मग १९६० च्या सुमारास सरकारने नदीच्या त्या भागाचं नावच ख्वे याई करून टाकलं ('क्वाय'चा खरा थाई उच्चार 'ख्वे'). त्यात आपण 'क्वाय' म्हणतो ते थाई माणसाला जवळपास 'म्हैस' असं ऐकू येतं 😄

मी गेलोय तिथे. पिक्चरमधला लाकडी पूल शोधू नका, तो श्रीलंकेत बांधला होता आणि शेवटी उडवला. इथला लोखंडी आहे अन् अजून चालू आहे, रेल्वे शिट्टी मारत हळूहळू येते आणि आपण सेल्फीवाले बाजूच्या छोट्या कठड्यात अंग चोरून उभे राहतो.

एक मात्र खटकतं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ही रेल्वे बांधायला जुंपलेले युद्धकैदी १२ हजारांच्या वर मेले, त्यांची दफनभूमी गावातच आहे, एकदम नीटनेटकी, प्रत्येक थडग्यावर पाटी. पण मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ मजूर आणि बाकीचे आशियाई मजूर त्याहून कितीतरी जास्त मेले, त्यांच्या नावाच्या अशा पाट्या नाहीत, आणि पिक्चरमध्ये तर ते जवळजवळ नाहीतच. पिक्चरचा हिरो ॲलेक गिनेस ग्रेटच हो, पण दुसऱ्यांदा बघताना तेच डोक्यात राहिलं.