फुकट्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

विश्रामबागेतल्या खोलीत बसून लिनक्सची चार-पाच जीबीची फाइल टॉरेंटवरून, म्हणजे सगळ्यांनी एकमेकांना तुकडे देत-घेत, उतरवायची, पण बदल्यात बाइटही द्यायचा नाही, असं ठरवलंय ना? उत्तम. सांगली जिल्हा सहकाराचा असला म्हणून प्रत्येकानं शेअर भरलाच पाहिजे असं थोडंच आहे!

आधी अपलोडला मर्यादा घाला. नवशिके इथंच फसतात, खुशाल शून्य टाकतात. क्यूबिटटॉरेंट या टॉरेंटच्या प्रोग्रॅममध्ये शून्य म्हणजे 'मर्यादाच नाही'. रातोरात दानशूर व्हाल! 1 केबी टाका. कोणी हटकलंच तर सांगा, अपलोड तुंबलं की मिळालेल्या मालाच्या पोचपावत्या अडकतात आणि डाउनलोडही मंदावतं. हे खरंच आहे, त्यामुळे पटतं. थोडी वाट मोकळी ठेवली तरी भागतं, हे मात्र बोलू नका.

अडचण एकच. तुमची जात जुनी आहे. 2000 साली नुटेला हे फाइली वाटून घेण्याचं नेटवर्क तपासलं तेव्हा जवळपास 70 टक्के मंडळी काहीच देत नव्हती. पुढच्याच वर्षी ब्रॅम कोहेननं बिटटॉरेंट आणलं. त्याच्या मूळ रचनेत प्रत्येक जण साधारण चौघांनाच माल सोडतो, दर 10 सेकंदांनी हिशेब करतो आणि हात आखडणाऱ्याला वगळतो. फक्त दर 30 सेकंदांनी एखाद्या अनोळख्याला उधारीवर संधी मिळते. तुमचं पोट त्या उधारीवर आणि सीडरच्या, म्हणजे पूर्ण फाइल जवळ ठेवून वाटणाऱ्याच्या, भलेपणावर. तेव्हा जोडण्या भरपूर वाढवा. झुरिकच्या संशोधकांनी 2006 मध्ये 'बिटथीफ' हा प्रोग्रॅम याच युक्तीवर चालवून दाखवला होता, काहीही न देता.

कोणी किती दिलं याची पत नोंदवणारं नेटवर्क असेल तर नवं खातं काढा, शंभर काढा. बोगस सभासद कसे वाढवायचे हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तिकडे त्याला सिबिल (Sybil, कर्जाचं सिबिल नव्हे) हल्ला म्हणतात, आणि ओळख तपासणारं मध्यवर्ती कुणी नसेल तर तो रोखणं जवळपास अशक्य, हे संगणकशास्त्रज्ञ जॉन डाउसर यांनी 2002 मध्येच मांडलंय. एलिनॉर ऑस्ट्रॉम मात्र वाचू नका. अर्थशास्त्राचं 2009 चं नोबेल मिळालेल्या या बाई सामाईक पाण्यावर देखरेख आणि चढत्या दंडाचं काहीबाही सांगतात.

आता बिघाड. फाइल 97 टक्क्यांवर अडेल. 'उपलब्धता 0.97' दिसेल, म्हणजे जोडलेल्या सगळ्यांचे तुकडे एकत्र केले तरी फाइल पुरी होत नाही. सीडर गेलेत, उरलेत ते तुमचेच गुरुबंधू. सगळे 97 वर, सगळ्यांची मर्यादा 1 केबी. घाबरू नका. 'कृपया सीड करा' अशी नम्र विनवणी टाका. कोणी आलाच, तर 100 टक्के होताक्षणी प्रोग्रॅम बंद करा, नाहीतर तुम्हीच सीडर व्हाल.