‘पंधरा दिवसांचे काम मुद्दाम लांबवले’ या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार साहेब,

आपली घोडी लगामाला आणि स्वारीला तयार करण्याच्या माझ्या कामाबद्दल आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. फोन उचलला जात नाही ही आपली तक्रार खरी आहे आणि त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या मिरवणुकीत चिरंजीवांना घोडीवर बसवायची आपली इच्छा पूर्ण झाली नाही, याचेही वाईट वाटते. परंतु ‘पंधरा दिवसांचे काम पैशासाठी मुद्दाम अडीच महिने लांबवले’ हे आपले वाक्य मला फार लागले. ते वाचून एका गिऱ्हाइकाने आपले शिंगरू पाठवण्याचा बेत रद्द केला, म्हणून सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली आपली घोडी ५ जानेवारीला कळंब्याला माझ्याकडे आली, तेव्हा ती तीन वर्षांची होती. साधारण अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान घोड्याच्या दुधाच्या दाढा पडून नव्या येत असतात, त्यामुळे तोंड तपासल्याशिवाय मी कोणत्याही जनावराला लगामाची कडी, म्हणजे तोंडात बसणारा लोखंडी भाग, चढवत नाही. आपल्या घोडीच्या वरच्या जबड्यात, दाढांच्या अगदी पुढे, हरभऱ्याएवढा एक जादा दात निघाला. त्याला वुल्फ टूथ म्हणतात. कडी त्यावर आपटली की जनावर मान उडवते आणि बघणाऱ्याला ते हट्टी वाटते. डॉक्टरांनी तो काढला आणि पंधरा दिवस तोंडात काहीही घालू नका असे बजावले. हे मी त्याच संध्याकाळी आपल्याला स्वतः फोन करून कळवले होते.

त्यापुढचे काम बाहेरून दिसत नाही, ही माझी अडचण आहे. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत कडी बसते, आणि तिथे हाडावर हिरडीचा पातळ थर असतो. पहाटेच्या थंडीत लोखंड गार पडलेले असते, म्हणून मी कडी आधी तळहातात धरून कोमट करतो, तिला थोडा गूळ चोळतो आणि घोडी आपणहून तोंड उघडेपर्यंत थांबतो. पहिले काही दिवस वीस मिनिटे नुसती कडी, वाग, म्हणजे स्वाराने हातात धरायचा लगामाचा पट्टा, जोडायचीच नाही. मग लांब दोरीवर फिरवणे, मग मागून चालत लांब वागांवर हाकणे, आणि स्वार सर्वांत शेवटी. ‘लगाम ओढला की थांबायचे, एवढे शिकवायला किती दिवस लागतात?’ असे आपण विचारले आहे. साहेब, नुसते ओढल्यावर थांबणारे जनावर दुखते म्हणून थांबते. मागच्या पायांनी जोर लावून घोडा पुढे येतो आणि स्वतः होऊन कडीपाशी हलका टेकतो, त्याला आम्ही काँटॅक्ट म्हणतो. साध्या चालीत घोड्याची मान प्रत्येक पावलाला पुढे-मागे होते. स्वाराचा हात तिच्याबरोबर गेला नाही तर दर पावलाला तोंडाला हिसका बसतो. दुडकीत मान जवळजवळ स्थिर राहते, म्हणून तरुण घोड्याला मी हा धडा दुडकीत देतो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आपली घोडी कडी चघळू लागली, ओठांच्या कडेला पांढरा फेस आला आणि तिने मान लांबवून माझा हात शोधला. तेव्हा मला झालेला आनंद पैशात मोजता येणार नाही.

पुढचे जाहीरपणे लिहायचे नव्हते. त्यानंतरच्या रविवारी मी वैरण आणायला गेलो असताना आपण न कळवता आलात, मदतनीस पोरगा नको म्हणत असतानाही घोडीवर बसलात आणि फोटोसाठी वाग आवळून धरलीत. मी परत आलो तेव्हा तिच्या तोंडाचे दोन्ही कोपरे सोललेले होते. आठ दिवस पुन्हा कडी बंद ठेवावी लागली आणि नंतर तर लगाम दिसताच ती दात आवळून घेऊ लागली. सारे पहिल्यापासून करावे लागले. तरीही ठरलेल्या ४५ दिवसांनंतरच्या ३० दिवसांची शिकवणी मी लावलेली नाही. फक्त दाणा-वैरणीचे पैसे घेतले आणि त्याची पावती आपल्याकडे आहे.

काटेरी कडी घालून पंधरा दिवसांत घोडी तयार करून देणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे, असे आपण लिहिले आहे. काटेरी कडीला ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनी मनाई आहे, आणि नसती तरी ती माझ्या पागेत आली नसती. माझे आजोबा चाबूकस्वार, म्हणजे घोडे शिकवणारे, होते. त्यांनीही कधी जनावराचे तोंड फाडले नाही.

घोडी घरी मान झटकते असे आपण म्हणता. अभिप्रायासोबतचा फोटो मी मोठा करून पाहिला. त्यात तिच्या तोंडात मी दिलेली साधी सांध्याची कडी नसून लांब दांड्यांची, हनुवटीखाली साखळी असलेली कडी आहे. दांडी लांब असली की हाताची ओढ कित्येक पटींनी वाढून तोंडावर येते.

फोनची काहीतरी सोय करतो आणि यापुढे मुदतीचे लेखी देण्याचेही बघतो. आपण घोडी चार दिवसांसाठी पुन्हा पाठवावी, त्याचे काहीही पैसे घेणार नाही. येताना मी दिलेली जुनी कडी मात्र आठवणीने आणावी.

आपला नम्र,
पागेचा चालक, कोल्हापूर