नानांची गोळी आणि गोजीची बाटली

रात्री साडेनऊला दुकान बंद करून मी कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या कट्ट्यावर येतो. आज मिलिंद आधीच बसला होता, मांडीवर खोका. खोक्यावर बर्फाचे डोंगर आणि लाल फळांचा घोस.

"गोजी ज्यूस. नानांसाठी घेतलाय. ऑफिसातल्या एकाने दिला, अठराशेला. डोळे, शुगर, प्रतिकारशक्ती, सगळ्यावर चालतो म्हणे. रोज सकाळी ३० मिली."

"मिल्या, नाना वॉरफरिनवर आहेत ना?"

नानांच्या हृदयात चार वर्षांपूर्वी कृत्रिम झडप बसवली. तेव्हापासून वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, आणि नियमित आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी. आकडा फार चढला की रक्तस्रावाची भीती. डॉक्टरांनी त्यांचा आकडा अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायला सांगितलाय. गोळ्या माझ्याच मेडिकलमधून जातात, त्यामुळे मला पाठ आहे.

"अरे, फळाचा रस आहे. औषध थोडंच आहे?"

हे वाक्य मी काउंटरवर इतक्यांदा ऐकतो, आणि दरवेळी पोटात कालवतं. २०१२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ७१ वर्षांच्या बाईंची केस छापून आली. वॉरफरिन चालू होतं आणि वर गोजीचा ज्यूस. नाकातून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, आयएनआर इतका चढलेला की तपासणीत आकडाच मिळेना. त्याआधी २००१ मध्ये दुसऱ्या एका बाईंचा आयएनआर गोजीच्या काढ्याने ४.१ वर गेला होता. काढा बंद केल्यावर उतरला. यकृतात वॉरफरिन मोडायचं काम गोजीमुळे मंदावत असावं, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. पालेभाजीनेही या गोळीचा असर बदलतो, म्हणून ती एकदम वाढवायची नाही, हे नाना काटेकोर पाळतात. या रसाबद्दल त्यांना सांगणार कोण?

प्रशांतला पटेना. "दोन केसेसवरून तू फळच बाद करतोस. चीनमध्ये शेकडो वर्षं खातात."

खातात की. तिथल्या निंग्शिया स्वायत्त प्रदेशात पीत नदीच्या काठाने गोजीच्या बागा आहेत. सुकवलेली फळं सूपमध्ये, भाताच्या पेजेत, चहात टाकतात. निरोगी माणसाने मूठभर खाल्ली तर माझी काडीची हरकत नाही. टोमॅटो-वांग्याच्या कुळातलं फळ आहे आणि चांगलं आहे. १०० ग्रॅम सुक्या गोजीत साधारण १४ ग्रॅम प्रथिनं आणि १३ ग्रॅम तंतू असतात. साखरही ४५ ग्रॅमच्या आसपास.

सुधीरची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. तो म्हणाला, "साखर आमच्या बेदाण्यात याहून जास्त. प्रथिनं मात्र एवढी नाहीत. पण रस काढला की साल-चोथा मागे राहतो ना? मग बाटलीत तंतू किती उतरणार?"

अगदी बरोबर. प्रशांतने मोबाइल पुढे केला. "डोळ्यांचं तरी खरं आहे. हे बघ, कॅलिफोर्निया विद्यापीठ, डेव्हिस."

तो अभ्यास खराच आहे, २०२१ चा. गोजीत झिअॅक्झँथिन नावाचं पिवळं रंगद्रव्य भरपूर असतं, आणि तेच आपल्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर असतं. ४५ ते ६५ वयाच्या निरोगी लोकांनी आठवड्यातून पाच वेळा २८ ग्रॅम गोजी ९० दिवस खाल्ली, आणि तिथलं रंगद्रव्य वाढलं. पण गोजी खाणारे होते फक्त १३ जण, त्यांनी खाल्ली सुकी फळं, आणि कुणाचा डोळ्यांचा आजार त्यात बरा केलेला नाही. शिवाय हे रंगद्रव्य स्निग्धात विरघळतं, जेवणाबरोबर पोटात गेलं तर जास्त अंगी लागतं. सकाळी अनशापोटी ३० मिली रसातून काय मिळणार? झिअॅक्झँथिन तर मक्यात आणि अंड्याच्या बलकातही असतं. सी जीवनसत्त्वासाठी म्हणाल, तर सुक्या गोजीच्या १०० ग्रॅममध्ये ते ५० मिलिग्रॅमच्या आत, आणि तेवढ्याच पेरूत २०० च्या वर. पेरू गंगापूर रोडला हातगाडीवर मिळतो.

"पेरू देऊ शकतो ना नानांना?" मिलिंदने विचारलं. आता त्याचा आवाज उतरला होता.

"नेहमीसारखा खाऊ देत. हे सुरू केलंय का?"

"रविवारपासून. ही दुसरी बाटली, दोनवर सूट होती."

म्हणजे चार दिवस झाले. कट्ट्यावर कुणी काही बोलेना. मिलिंदने तिथूनच घरी फोन लावला. "आई, नानांना उद्यापासून तो लाल रस देऊ नकोस. नाही, गोळी बंद नाही करायची, फक्त रस. हिरड्यांतून रक्त वगैरे येतंय का बघ." मग त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. डॉक्टरांनी रस थांबवायला, सकाळी आधी आयएनआर करायला आणि कुठूनही रक्त आलं तर थेट दवाखान्यात यायला सांगितलं. प्रशांत मिलिंदचा खोका उचलून त्याच्या गाडीपर्यंत गेला, वाटेत काहीच बोलला नाही.

लॅब साडेसातला उघडते. नानांना रिक्षाचे धक्के नकोत, म्हणून सात वाजता मीच गाडी घेऊन जाणार आहे.