नऊवारीच्या घड्या घालणाऱ्या सिस्टर

आज महाद्वार रोडला नणंदेच्या ओटीभरणासाठी साडी घ्यायला गेले आणि डोकंच फिरलं. काउंटरमागं साड्यांच्या घड्या घालत होत्या त्या आमच्या सिस्टर! माझ्या परीच्या डिलिव्हरीच्या वेळी रात्रभर माझ्याजवळ होत्या त्याच. मी म्हटलं, सिस्टर तुम्ही इथं? तर हसून म्हणाल्या, "इथं नाईट नसते ओ ताई."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सिस्टर एएनएम झालेल्या, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, बाळंतपण करणारी सहाय्यक नर्स. बारावीनंतर 2 वर्षांचा कोर्स, काउन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळं रीतसर. त्या रात्री घड्याळाकडं बघत माझ्या पोटावर हात ठेवून कळा मोजत बसलेल्या. मी जोर लावायला लागले की दटावायच्या, "आत्ता नको बाळ, तोंडानं श्वास सोड, मी सांगते तेव्हा." डॉक्टर आले ते डोकं दिसायला लागल्यावर. आले, चांगलं केलं, त्यांचं काम मोठंच आहे, गुंतागुंत झाली तर तेच लागतात आणि कोर्टकचेरी झाली तर तीही त्यांच्याच मागं, मान्य. पण तोवरचे सहा तास कुणी काढले?

आणि अशा बाईला पुढं जायचं तर वाट काय? मी तिथंच साड्या सोडून विचारत बसले. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा मोठा डिप्लोमा करायचा तर पहिल्यापासून 3 वर्षं, एएनएमची दोन वर्षं आणि लेबर रूममधली एवढी वर्षं कुणी धरत नाही. ते झालं की मग 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे नर्सिंगची पदवी. सरकारनं 2018 साली मिडवाइफरीची नवी योजना आणली, 18 महिन्यांचं ट्रेनिंग, नॉर्मल डिलिव्हरी नर्सनीच बघायची. वाचायला लई भारी. पण त्यालाही आधी जीएनएम नाहीतर बीएस्सी लागतं!! म्हणजे जिच्या नावातच मिडवाइफ आहे तीच दाराबाहेर.

राहिली झेडपीची आरोग्यसेविका. उपकेंद्र, गरोदर बायकांची तपासणी, लसीकरण, पुढं आरोग्य सहाय्यिका. चांगली नोकरी आहे, शाहूवाडी-गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर याच बायका पावसात चालत जातात. पण भरती निघेपर्यंत सिस्टरांचं वय निघून गेलं. कंत्राटी मिळत होती, तीही लांब, आणि घरी सासू अंथरुणाला खिळलेली.

मग खाजगीतच राहिल्या. पगारवाढ मागितली की उत्तर ठरलेलं, तुम्ही एएनएम आहात ना. रात्री दोन वाजता पेशंट आली की मात्र "सिस्टर, तुम्ही बघा जरा". तेव्हा नाही आठवत एएनएम! आणि आपण पण काही कमी नाही हं. पेढे डॉक्टरांना, आणि सिस्टरांच्या हातात जाता जाता शंभराची नोट. मी पण तेच केलंय, खोटं कशाला बोलू.

माझी भाची यंदा एएनएमला जायचं म्हणतेय. तिला सांगितलंय, बाई, जमत असेल तर थेट जीएनएमला जा, एक वर्ष जास्त जातंय पण पुढची दारं उघडी राहतात. आता तिच्या घरी फीचं जमेल का ते माहीत नाही, सगळ्यांचंच जमतं असं कुठाय. सिस्टरांनी पण तिच्यासाठी हेच सांगितलं. तुम्ही आता करा की म्हटलं तर म्हणाल्या, "तीन वर्षं घर कोण बघणार ताई? आणि वर्गात पोरीच्या वयाच्या पोरी."

हे बोलताना हात थांबले नव्हते त्यांचे. नऊवारीची घडी अशी घालत होत्या, काठाला काठ, तळहातानं दाबून, की मला त्या रात्री परीला दुपट्यात गुंडाळलेलं आठवलं. तसंच, टोक आत खोचून.

निघताना विचारलं, "पोरगी कशी आहे? पावणेतीन किलोची होती ना?" मी म्हटलं नाही ओ, अडीच. घरी येऊन फाईल काढली. 2 किलो 750. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांचं नाव तीन ठिकाणी आहे, सिस्टरांचं शोधलं, कुठंच नाही.