तिकीट आहे, जागा नाही

काल रात्री एका वेबसाइटने मला चौथ्यांदा हाकललं. लाल चौकटीत जर्मनमध्ये एक ओळ आली. भाचीला फोटो पाठवून अर्थ विचारला, तर म्हणे, ‘दुर्दैवाने पैसे घेता आले नाहीत.’ दुर्दैव कुणाचं, याचा खुलासा नव्हता.

मागणं फार नव्हतं. जूनमध्ये आम्ही दोघं भाचीकडे म्युनिकला जाणार, विमान उतरणार फ्रँकफुर्टला. मधलं अंतर मुंबई-पुण्याच्या दुप्पट, वेळ मात्र डेक्कन क्वीनपेक्षा थोडाच जास्त. तिथल्या रेल्वेची दोन तिकिटं काढायची. डोंबिवलीत बसून, चहा पिता पिता. निदान बायकोला मी तसं सांगितलं होतं.

चहा होईपर्यंत खालच्या मजल्यावरचे काका वर आले. काका रेल्वेतून बुकिंग क्लार्क म्हणून रिटायर झालेत. कुणी कुठलंही तिकीट काढत असलं की यांना वास येतो. नाटकाचं काढत असलो तरी येतात. खुर्ची ओढून माझ्या खांद्यामागे बसले.

“बुकिंग किती दिवस आधी उघडतं?”

“सहा महिने तरी.”

“आपल्याकडे १२० दिवस होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ६० केले. बरोबर केलं. माणसं आजारी पडतात, लग्नं मोडतात. सहा महिन्यांनंतरचं तिकीट म्हणजे तिकीट नाही, पत्रिका.”

मी फ्रँकफुर्ट टाइप केलं. यादीत दोन गावं निघाली. एक माइन नदीवरचं, दुसरं ओडर नदीवरचं, थेट पोलंडच्या सीमेला टेकलेलं. घाईत माझं बोट ओडरवर पडलं आणि प्रवास दुपटीने लांबला. काका खूश. “बेलापूर! एक बेलापूर नवी मुंबईत, एक दौंड-मनमाड लाइनवर. आम्ही खिडकीवर विचारून घ्यायचो, कुठलं बेलापूर? हे मशीन विचारतंय का? नाही ना?”

मशीन विचारत नव्हतं. काका विचारत होते.

“सीट नंबर काय आला?”

“सीट वेगळी घ्यायची असते काका. हे नुसतं तिकीट.”

काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसावा तसा बर्म्युडाला पुसला आणि परत लावला.

“नुसतं तिकीट म्हणजे?”

“प्रवासाचं.”

“उभ्याने?”

“जागा असली तर बसून. दुसऱ्याने राखलेली सीट असली तर तसं वर लिहून येतं. तो आला की उठायचं.”

“हे जनरल आहे.”

“काका, ही गाडी काही ठिकाणी ताशी तीनशे किलोमीटरने जाते.”

“जनरल ताशी तीनशेने गेली म्हणून तिचं रिझर्व्हेशन होत नाही.”

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

“वेटिंग लिस्ट?” “नसते.” “आरएसी?” “नसतं.” “चार्ट कधी लागतो?” “लागत नाही.” “मग टीसी दिवसभर करतो काय?” असं बराच वेळ चाललं. सर्वांत स्वस्त तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, हे मी सांगायला नको होतं. काका उभेच राहिले. “क्लार्केज कापा, पण बाकीचे द्या! हा काय न्याय झाला?” स्वयंपाकघरातून बायको डोकावून गेली. तिला वाटलं, आमचं भांडण लागलं.

मग पैसे भरायची वेळ आली. परदेशी व्यवहार चालू करून घेतल्याशिवाय आपली नवी कार्डं सीमेपलीकडे चालत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा २०२० सालचा नियम मला पाठ होता. म्हणून बटण आधीच चालू केलेलं. पहिल्यांदा कार्ड नाकारलं. दुसऱ्यांदा कळलं की बटण चालू असलं तरी मर्यादा शून्य रुपये आहे. दार उघडं, पण उंबऱ्यावर भिंत. तिसऱ्यांदा ओटीपी आला, तोवर पानाची मुदत संपली. चौथ्यांदा सगळं बरोबर केलं आणि दुर्दैव आलं. दरम्यान ३५ युरोंचं तिकीट ४७ चं झालं होतं. बँकेला फोन लावला. वीस मिनिटं सनई ऐकवून त्यांनी सांगितलं, “सर, हे तुमच्याच सुरक्षेसाठी आहे.”

मला खरंच राग आला. मी कुणाकडे पैसे मागत नव्हतो, देत होतो. व्हिसासाठी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट दिलं, तीन वर्षांचे रिटर्न दिले, परत येणार याची हमी दिली, विम्याचा कागद दिला, फोटोत कान दिसत नाहीत म्हणून फोटो पुन्हा काढला. आणि एवढं करून त्यांच्या आगगाडीत उभ्याने जाण्याइतकीही माझी पत नाही. ‘अतिथी देवो भव’ आपल्याच पाट्यांवर असतं म्हणा.

मी हे मोठ्याने बोललो असावा, कारण काका गप्प झाले.

“मी काही दिवस व्हीटीला फॉरेन टुरिस्टच्या खिडकीवर होतो,” ते म्हणाले. “त्यांचा कोटा वेगळा. पण डॉलर नाहीतर पाउंड आणा, रुपये द्यायचे असतील तर ते बँकेतच बदलून घेतल्याचं सर्टिफिकेट दाखवा, असा नियम होता.”

“आणि दाखवलं की?”

“दाखवलं की माझी जेवणाची सुट्टी.”

थोडं थांबून म्हणाले, “एक जर्मन बाई होती. मे महिना. तिला मी फाउंटनच्या बँकेत दोनदा पाठवली. दुसऱ्यांदा सर्टिफिकेटवर शिक्का पुसट होता. रडायला लागली. मी म्हटलं, मॅडम, नेक्स्ट कौंटर.” त्यांनी स्क्रीनवरच्या लाल चौकटीकडे बोट दाखवलं. “तिची नात असणार ही.”

आज सकाळी भाचीने तिच्या कार्डावरून दोन मिनिटांत तिकिटं काढली. म्हणाली, “मामा, सीट नाही घेतली हं. माणशी पाच-साडेपाच युरो जास्त पडतात, उगाच कशाला? रिकामीच असते गाडी.” हा काटकसरीचा संस्कार तिला आमच्याच घरातून मिळालाय, बोलणार कुणाला.

काकांना प्रिंट दाखवावीच लागली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. तेवढ्यात त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं की, २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर धावल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तर ते उशीर धरतच नाहीत. काकांचा चेहरा जो उजळला, तो पेन्शन वाढली तेव्हाही उजळला नव्हता. प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मग चिंता नाही. आपल्यासारखंच आहे सगळं. गाडी लागली की तू बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाक, वहिनींना दारातून चढव.”

“काका, त्या गाडीच्या खिडक्या उघडत नाहीत.”

काका प्रिंट हातात घेऊन बराच वेळ तसेच बसले.

“मग रुमाल टाकायचा कुठून?”