वायर लूज होती म्हणे

काल दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज पडला, "नेट चालू झालं, वायर लूज होती." खाली अंगठ्यांची रांग. वायर लूज नव्हती हो! पण ऐकतो कोण.

जुना स्विच, म्हणजे ऑफिसचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा, एका कंपनीचा, नवा दुसऱ्या कंपनीचा, आणि दोघांच्या मधल्या एकाच केबलमधून सगळे व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवर नंबर देऊन वेगळी ठेवलेली नेटवर्कं, न्यायचे. स्टँडर्ड एकच, ८०२.१क्यू, १९९८ पासूनचं. फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या प्रत्येक पुडक्यात, ४ बाइटचा टॅग घुसवायचा, त्यातल्या १२ बिटांत व्हीलॅनचा नंबर, संपलं. पण तो टॅग लावायला कसं सांगायचं ते प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवलंय. जुन्यावर पोर्टमध्ये, म्हणजे केबल खोचायच्या भोकाच्या सेटिंगमध्ये, शिरून त्याला व्हीलॅन द्यायचे, नव्यावर व्हीलॅनमध्ये शिरून त्याला पोर्ट द्यायचे. त्यात जुन्याची ती कमांड, यादीत एक नंबर वाढवायचा तर 'ॲड' लिहावंच लागतं, नाही लिहिलं की आधीची अख्खी यादी साफ आणि तेवढा एकच नंबर शिल्लक, आणि नेमका आपण ज्या व्हीलॅनमधून लॉगिन केलंय तोच उडाला तर जा चालत स्विचपर्यंत. "नक्की का?" एवढं विचारायला काय जातं त्या स्विचचं? असो.

तर ३० नंबरचा व्हीलॅन ट्रंकवर, म्हणजे त्या मधल्या केबलवर, दोन्हीकडे टॅग्ड, तरी नव्या स्विचवरच्या लॅपटॉपला तो मेला १६९.२५४ वाला ॲड्रेस, नेटवर्ककडून काही मिळालं नाही की लॅपटॉप स्वतःच लावून घेतो तो. मी रॅकसमोर फरशीवर बसलेलो, तेवढ्यात अकाउंट्सचे काका आले.

"अहो, इथे लाईट लुकलुकतेय."

"हो."

"तिथे पण लुकलुकतेय."

"हो काका."

"मग अडलंय कुठे?"

प्रश्न मुद्द्याचा होता, म्हणूनच जास्त डोक्यात गेला. मी म्हटलं टॅगचा घोळ आहे. झालं, काकांनी चष्मा कपाळावर चढवला, केबल हातात घेऊन उलटीपालटी केली, तिच्यावर कुणीतरी चिकटवलेलं कागदी लेबल सापडलं, ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "हा काय, आहे की!" मग मागे एकदा एक पोरगं आलं होतं, त्याने नुसतं बंद करून चालू केलं आणि काम झालं, ही कथा. त्या पोराने काय घातलं होतं इथपर्यंत.

आणि तेव्हाच मला दिसलं. नव्या स्विचवर लॅपटॉपचा पोर्ट ३० मध्ये अनटॅग्ड होता, पण पीव्हीआयडी, म्हणजे बिनटॅगचं जे आत येईल ते कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायचं तो नंबर, १ च! तो वेगळ्या पानावर, वेगळ्या मेनूत भरायचा असतो. म्हणजे ३० मधलं ब्रॉडकास्ट, सगळ्यांना उद्देशून पाठवलेलं, लॅपटॉपपर्यंत येत होतं, म्हणून लाईट लुकलुकत होती, पण लॅपटॉप जे बोलेल ते १ मध्ये जात होतं. एकाच गोष्टीसाठी दोन पानं का, हे त्या बनवणाऱ्यांनाच माहीत.

मी ३० टाकलं, अप्लाय दाबलं. त्याच क्षणी काकांनी लॅपटॉपची केबल उपटून परत खोचली. लिंक पडून उठली की लॅपटॉप लगेच नवा ॲड्रेस मागतो. मागितला, मिळाला, आणि तोही काकांच्या हातात.

"बघा!" काका म्हणाले.

मी पीव्हीआयडी समजावायला तोंड उघडलं तर काका मोबाईलवर टाइप करत होते. आज वरच्या मजल्यावरचे आयपी फोन बंद आहेत, व्हॉइस व्हीलॅन ट्रंकवर जात नसणार हे मला इथे बसून कळतंय, पण मला अजून कुणी बोलावलेलं नाही. काका गेलेत वर.